घडीचा कागद आणि डॉ. अनिल अवचट



गेल्या रविवारी वंदना आटोपल्यावर आमच्या मुदखेडच्या विहारात आम्ही मुलांना रद्दीचे कागद वाटत होतो. वस्तीतल्या एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला बाजूला घेतले आणि म्हणाले, "काय लावलंय हे? विहार काय खेळायची जागा आहे? अन् ज्यांच्या नावानं करायलात, ते आपल्यातले होते का?" प्रश्न रागाने विचारला होता, पण तो गैर नव्हता. उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही, म्हणून आज ही जागा त्यासाठीच घेत आहोत.

डॉ. अनिल अवचट २७ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात वारले. जन्म १९४४ चा, पुणे जिल्ह्यातल्या ओतूरचा. डॉक्टरकी शिकले, पण नाव झाले ते लेखणीने. बिहारच्या दुष्काळावर 'पूर्णिया' हे त्यांचे पहिले पुस्तक १९६९ साली आले. पुढे हमाल, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका अशा कष्टकऱ्यांमध्ये जाऊन त्यांनी लिहिले. दलितांवर झालेल्या अत्याचारांवर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'कोंडमारा'. नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. १९७८ साली नामांतराच्या वेळी इथल्या वस्त्यांनी काय सोसले आणि टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांनी जयभीम सोडला नाही म्हणून काय भोगले, ते आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच वाढलो. अशा काळात आपल्या दुःखाकडे न बोलावता येणारा माणूस आपल्यातला की परका, हे ज्याचे त्याने ठरवावे. डॉ. अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्यासाठी पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली होती. दारूने आपल्या किती घरांची राखरांगोळी केली, हे आमच्या वाचक भगिनींना आम्ही काय सांगावे!

परंतु आजचा विषय वेगळा आहे. या माणसाला छंद फार. बासरी वाजवायचे, लाकूड कोरायचे, चित्रे काढायचे आणि कागदाच्या घड्या घालायचे. कात्री नाही, डिंक नाही, एका चौकोनी कागदाला घड्या घालत पक्षी, प्राणी, माणसे उभी करायची. या कलेला जपानी भाषेत ओरिगामी म्हणतात. त्यांनी 'मजेदार ओरिगामी' असे पुस्तकच लिहिले. 'छंदांविषयी' या नावाचेही एक आहे.

छंद म्हणजे भरल्या पोटाचे काम, असे आपल्याकडे समजतात. आम्हीही तसेच समजत होतो. आम्ही शाळेत असताना हस्तकलेच्या तासाला घोटीव कागद आणायला सांगत. तो विकत घ्यावा लागे. ज्याने आणला नाही त्याने तासभर बाहेर उभे राहायचे, आणि बाहेर कोण उभे असायचे हे सांगायला नको. त्या दिवसापासून कागदाच्या कलाकुसरीचा आम्हाला रागच होता. पुढे वाणिज्य शाखेत शिकलो, कारकुनीत हिशेबाची सवय लागली, तेव्हा लक्षात आले की या कलेचे भांडवल शून्य आहे. हँडबिल, जुनी वही, एका बाजूने कोरे राहिलेले छापील कागद, काहीही चालते. घोटीव कागदाची अट मास्तरांची होती, कलेची नव्हती.

आणि ही कला ज्यांनी जगभर नेली ते अकिरा योशिझावा (१९११ ते २००५) कारखान्यातले कामगारच होते. तेराव्या वर्षी टोकियोला कामाला आले. पुढे कारखान्यात नव्या पोरांना भूमिती शिकवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी कागदाच्या घड्यांचाच आधार घेतला. हे काम सोडून ते कागदामागे लागले, तेव्हा दारोदार खाण्याचे जिन्नस विकून दिवस काढले. जपानात कागद बनवण्याची विद्या नेण्याचे श्रेय परंपरेने एका कोरियन बौद्ध भिक्खूला देतात, साल साधारण इ.स. ६१०. तेव्हा विहारात कागद आला तर काही आभाळ कोसळत नाही, एवढे त्या ज्येष्ठ उपासकांना नम्रपणे सांगतो.

योशिझावांची भूमितीची युक्ती आम्ही मुलांवर करून पाहिली. चौरसाचा कोपरा ९० अंशांचा. एक घडी घातली की ४५, आणखी एक घातली की साडेबावीस. सातवीतली एक मुलगी कोनमापक हरवला म्हणून महिनाभर रडत होती. तिने घडीने कोन मोजून दाखवले.

त्या दिवशी केला तो पेला. घरी करायचा तर असा करावा. कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेवर तिरका आणावा आणि उरलेली पट्टी फाडून टाकावी, म्हणजे चौरस मिळतो. चौरसाची कर्णावर घडी घालून त्रिकोण करावा आणि लांब बाजू खाली ठेवावी. खालचे उजवे टोक डाव्या कडेवर असे आणावे की त्याची वरची कड तळाला समांतर राहील. मग डावे टोक तसेच उजवीकडे न्यावे. वर दोन पदर उरतात, एक पुढे मुडपावा, एक मागे. तोंड उघडले की पेला तयार. प्रत्येक घडी नखाने दाबावी, नाहीतर पाणी गळते. पाण्यासाठी कागद कोराच घ्यावा, वर्तमानपत्राची शाई पोटात जाऊ देऊ नये.

मुलांनी माठातले पाणी त्यात घेऊन पाहिले. पाणी काही क्षण राहते, मग कागद ओला होऊन लवतो. कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी एक पेला मागून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "आमच्या टायमाला असं काय आलं असतं तर बरं झालं असतं रे बाबा. वरून वतायचे अन् आम्ही वंजळीनं प्यायचो. निम्मं पाणी कोपरावरून जायाचं." मुलांना ते समजलेच नाही. त्यांना वाटले आजी हाताने पाणी प्यायच्या कारण घरात भांडे नव्हते. मग घड्या तशाच ठेवून आम्ही त्यांना २० मार्च १९२७ सांगितले, महाड, चवदार तळे, बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलेले पाणी. आमच्या दर रविवारच्या भाषणापेक्षा ते त्यांनी अधिक शांतपणे ऐकले, हे प्रांजळपणे कबूल करतो.

ज्येष्ठ उपासक शेवटपर्यंत दारातच उभे होते. जाताना म्हणाले, "पाण्याचं सांगितलं ते चांगलं केलं. पण पुढच्या टायमाला कचरा झाडून घ्या." कचरा खरोखरच फार झाला होता.

येत्या रविवारी उडणारा पक्षी शिकवणार आहोत. ज्यांच्या घरी एका बाजूने कोरे कागद असतील त्यांनी मुलांबरोबर पाठवावेत, आणि एक झाडूही.