शिरोडकरचं पुढे काय झालं?

दिवाळीला मुलगा, सून, नात पुण्याहून सांगलीला आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते, तेव्हा सून माझ्या खोलीत आली. दोन पुस्तकं माझ्यापुढे ठेवून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही पस्तीस वर्षं शाळेत काढलीत. जरा बघा ना, ही काय वाचते ते."

पुस्तकं नातीच्या सॅकमधून काढलेली होती, तिला न विचारता. नात नववीत आहे.

इंग्रजी कॉमिक होतं. चित्रांचं पुस्तक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चांदोबा येतो, फार तर अमर चित्रकथा. हे वेगळंच. नाव 'हार्टस्टॉपर', अ‍ॅलिस ओझमन नावाच्या इंग्लंडमधल्या लेखिकेचं. २०१६ पासून तिने ते इंटरनेटवर थोडं थोडं टाकायला सुरुवात केली, पुस्तकं नंतर निघाली. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे इंग्रजी पुस्तक म्हटलं की अजून हातात पेन्सिल लागते. इथे लागली नाही. शाळेत दोन मुलगे शेजारी-शेजारी बसायला लागतात, चार्ली आणि निक. रोज एकमेकांना नुसतं 'हाय' म्हणतात. पुढे त्यांचं प्रेम जमतं. हो, दोघे मुलगेच. सूनबाईंची काळजी मुख्यतः तीच होती.

दोन दुपारींत मी दोन्ही भाग वाचले. खरं सांगते, पहिली वीसएक पानं मी मास्तरणीसारखी वाचली, म्हणजे चूक शोधत. मग विसरले. पानामागून पान कुणी बोलतच नाही. नुसते चेहरे, मोबाईलवर लिहून पुसलेलं एखादं वाक्य आणि कडेने वाऱ्यावर जाणारी झाडाची पानं. त्या वयात माणूस बोलतो कमी आणि धडधडतो जास्त, ते या बाईंनी बरोबर पकडलंय. दुसऱ्या भागाच्या शेवटी निक आपल्या आईला सगळं सांगतो आणि ती त्याला जवळ घेते. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले.

आपल्याकडे या वयाबद्दल इतकं खरं लिहिलेलं पुस्तक मला एकच माहीत आहे, मिलिंद बोकील यांचं 'शाळा'. २००४ साली मौजेने काढलं. पुढे सुजय डहाके यांनी त्यावर सिनेमाही केला, तो २०१२ मध्ये लागला. सिनेमा चांगला आहे, पण जोशी मनातल्या मनात जे बोलतो ते पडद्यावर कसं मावणार! माझी 'शाळा'ची प्रत अजून आहे. २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, कपाटाचे खालचे दोन खण लगदा होऊन बाहेर काढावे लागले. ही वरच्या खणात होती म्हणून वाचली, पानं मात्र ओलीने फुगली ती फुगलीच.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नववीतला मुकुंद जोशी आपली गोष्ट सांगतो. सुऱ्या, चित्रे, फावड्या हे त्याचे दोस्त. अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून यांच्या गप्पा चालतात. वर्गातली शिरोडकर त्याला आवडते. तिला तो मनातसुद्धा आडनावानेच हाक मारतो. (आमच्या वर्गांत अगदी असंच होतं. मुलीचं नाव उच्चारलं की मुलांचे कान लाल व्हायचे.) काळ आणीबाणीचा. मी साताऱ्याच्या एका शाळेत १९७४ च्या जूनमध्ये रुजू झाले, म्हणजे जोशी नववीच्या बाकावर होता तेव्हा फळ्यापुढे मी होते. अनुशासनाच्या पाट्या भिंतींवर होत्या आणि अनुशासन ही आम्हा नव्या शिक्षकांची मोठी हौस होती. मुलं माझ्याकडे टक लावून बघत तेव्हा ती नेमकं काय बघत होती, ते मला 'शाळा' वाचून निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना कळलं. हसू आलं आणि घामही फुटला.

काहींना त्यातली मुलांची भाषा खटकते, "शिक्षकांची टिंगल आहे" म्हणतात. असू दे की. स्टाफरूममध्ये आम्ही मुलांची कमी टिंगल करत होतो का? मला त्यातला सगळ्यांत मोलाचा माणूस वाटतो तो नरूमामा. तो भाच्याचं ऐकून घेतो, त्याच्याशी बरोबरीने बोलतो. असा एक मोठा माणूस प्रत्येक मुलाला मिळायला हवा.

पण माझी एक तक्रार आहे आणि ती जुनी आहे. सुऱ्या केवड्याच्या मागे लागतो, प्रकरण शाळेपर्यंत जातं, मार बसतो. जोशीच्या मनात काय चाललंय हे पानापानावर कळतं. शिरोडकरच्या मनात? तिच्या घरी काय झालं, तिला कोण काय बोललं? शेवटी ती गाव सोडून जाते आणि पुस्तक जोशीपाशी राहतं. लेखकाने नववीतला मुलगा बोलता केलाय, त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगणार, हे मला कळतं. त्या कॉमिकमध्ये मात्र आधी चार्लीचं मन दिसतं, मग निकचंही. दोन्ही बाजू. म्हणून मला ते आवडलं असावं.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. १९७९ साली नववीच्या माझ्या वर्गात एका मुलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली. मीच काढली, तिला न विचारता. चौघडी केलेला वहीचा कागद. "शनिवारी शाळा सुटल्यावर मंगळवार तळ्यापाशी थांब, तुझि वही द्यायची आहे," एवढंच. 'तुझि' पहिल्या वेलांटीने. मला आधी ती वेलांटी दिसली, हे आजही आठवतं. मी चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी वडिलांना बोलावून घेतलं. मुलाला छड्या बसल्या, तो आठवड्याने पुन्हा मैदानावर खेळत होता. मुलगी परीक्षेला बसली, पण जूनमध्ये आली नाही. जावळीत मामाकडे पाठवली म्हणाले, आणि पुढच्या वर्षी लग्नाचे पेढे शाळेत आले. मीही एक खाल्ला. मराठीत वर्गात पहिली यायची.

कुणी मला दोष दिला नाही. उलट "बाईंचं लक्ष असतं हो," असं कौतुक झालं. आणि पंचवीस वर्षं मलाही ते कौतुकच वाटत होतं. 'शाळा' वाचताना शिरोडकर गेली त्या पानावर ही मुलगी समोर येऊन उभी राहिली. नंतर एकदा लग्नाला साताऱ्याला गेले होते, तेव्हा तळ्याकडच्या तिच्या घरावरून मुद्दाम गेले. तिथे आता तीन मजली इमारत आहे. खाली मोबाईलचं दुकान. कुणाला विचारणार?

असो. तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कॉमिकं नातीच्या हातात दिली आणि म्हटलं, "तुझ्या सॅकमधून काढली होती, चुकलं. मी वाचली. तिसरा भाग आहे का?" ती आधी रागावली, रास्तच होतं. मग तिने माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. सुनेला मी एवढंच सांगितलं की यात लपवण्यासारखं काही नाही, आणि तिला काही सांगावंसं वाटलं तर ती आपल्यापाशी यावी एवढं आपण बघू. सुनेला पूर्ण पटलेलं नाही. "आई, तुमचं वय झालं म्हणून तुम्हाला सोपं वाटतं," म्हणाली. तेही खोटं नाही. रोजची जबाबदारी तिच्यावर आहे.

जाताना नातीने माझी 'शाळा' नेली. मराठी ती हळू वाचते. परवा फोन आला, "आजी, इचिभना म्हणजे काय गं?" मी सांगितलं नाही, वाचत जा, कळेल म्हटलं. मग म्हणाली, "शेवट सांगू नकोस. पण एवढं सांग, शिरोडकर परत येते का?"

पुस्तकात नाही, म्हटलं.