लस टाळून ऑटिझम टळत नाही

"डॉक्टर, एमआरची लस राहू द्या. त्याने ऑटिझम होतो म्हणतात." हे ऐकले की मला राग येतो. तुमच्यावर नाही, ही भीती पसरवणाऱ्यांवर.

कारण सत्य नेमके उलटे आहे. ज्या जंतुसंसर्गाचा ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) संबंध सर्वांत ठळकपणे दिसला, तो म्हणजे गरोदरपणातील रुबेला. आणि एमआरमधला 'आर' म्हणजे रुबेलाच!

१९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सुमारे २०,००० बाळे मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष असे दुष्परिणाम घेऊन जन्मली. न्यूयॉर्कच्या बालमानसोपचारतज्ज्ञ स्टेला चेस यांनी अशी २४३ मुले तपासली. १९७१ च्या त्यांच्या लेखानुसार १० मुलांना ऑटिझम होता, आणखी ८ जणांत त्याची काही लक्षणे होती. त्या काळी ऑटिझमचे निदान दहा हजारांत चार-पाच मुलांत होत असे.

मग लशीवर आळ आला कुठून? १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये अवघ्या १२ मुलांवर लेख लिहिला. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि वेकफिल्ड यांची ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एमएमआर लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

"पण लस दिली आणि मूल बोलायचे थांबले!" एमआरचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत देतात. ऑटिझमची लक्षणेही बहुधा त्याच सुमारास पालकांच्या लक्षात येतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, एवढेच.

आता दुसरे टोक. "गरोदरपणी तुला ताप आला होता, म्हणूनच हे झाले," असे सुनेला ऐकवणाऱ्यांनीही थांबावे. स्वीडनमधील २०२२ च्या अभ्यासात गरोदरपणी संसर्गामुळे उपचार घ्यावे लागलेल्या मातांच्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त दिसला. पण गरोदर राहण्याच्या आदल्या वर्षी संसर्ग झालेल्या मातांच्या मुलांतही तो तसाच जास्त होता! म्हणजे बोट संसर्गापेक्षा आनुवंशिकतेसारख्या कारणांकडे जाते. गरोदरपणी ताप अंगावर काढू नका. पण आईला आरोपीही करू नका.

तुम्ही करायचे ते एवढेच :

• बाळाला एमआरचे दोन्ही डोस वेळेवर द्या.
• मूल होऊ देण्याआधी रुबेलाची लस झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. ही लस गरोदरपणी देत नाहीत. घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते.
• वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर "बोलेल उशिरा" म्हणून वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

लस चुकवून तुम्ही ऑटिझम चुकवत नाही. रुबेलाला मात्र घराचे दार उघडे ठेवता, कदाचित शेजारच्या गरोदर बाईच्याही घराचे.