डोक्यावर दिवा, हात मोकळे

डिसेंबराची तेरावी तारीख उजाडली की आमच्या गावांतील कित्येक लुसीबाईंना त्यांच्या नावाच्या सणाच्या शुभेच्छा मिळतात, सकाळच्या मिस्सेत संत लुसीचे स्मरण होते, आणि मग ज्याची त्याची शेतावाडीची कामे सुरू होतात. नाताळ तोंडावर आलेला असल्यामुळे हा सण आपल्याकडे लहानच राहतो. परंतु उत्तर युरोपातील स्वीडन देशात ह्याच दिवशी घरोघरी, शाळांतून आणि इस्पितळांतून मुली दिवे घेऊन निघतात. त्या देशाची माणसे पोटापाण्यासाठी जेथे जेथे गेली आहेत, तेथे चार कुटुंबे जमली की हा सण ती हौसेने करतात. ह्या रिवाजाविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे. कारण आपलीही मुले आता घरापासून दूर राहू लागली आहेत.

वसई रोडला गाडीत बसले म्हणजे काही तासांत बडोदे, म्हणजे आजचे वडोदरा येते. हे शहर मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग मराठी कुटुंबे तेथे गेली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका मुलाला १८७५ साली दत्तक घेऊन गादीवर बसविले, तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्तिमान झाले. तेथील मराठी घरांनी गुजराती शेजाऱ्यांशी सख्य ठेवून आपली भाषा व आपले सण पिढ्यान् पिढ्या सांभाळले. परक्या गावी सण कसा टिकवावा हा प्रश्न बडोद्याला जुनाच आहे.

त्या शहरात पुढे मोठमोठे कारखाने उभे राहिले. स्वीडनची आसिया आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी ह्या दोन कंपन्या १९८८ साली एक होऊन एबीबी ही कंपनी झाली. बडोद्याच्या माणेजा भागात तिचा कारखाना आहे. अशा उद्योगांच्या निमित्ताने थंड देशांतील माणसांचे येणेजाणे होते. गुजरातेशी त्यांची ओळख मात्र ह्याहून जुनी आहे. १७५० साली स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज सुरत व चीन येथे जाण्यासाठी निघाले, त्यावर ओलोफ तोरेन नावाचे पाळक होते. प्रवासाची सारी हकीकत त्यांनी विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्यांना पत्रांतून कळविली.

लुसियाची संध्याकाळ असते तरी कशी? खोलीतील सर्व दिवे मालवितात. अंधारात दुरून गाणे ऐकू येते. त्याची चाल मूळची इटलीतील नेपल्सची. मग मुलांची रांग आत येते. सर्वांत पुढे एक मुलगी असते. तिच्या अंगात पायघोळ शुभ्र झगा, कमरेला तांबडा पट्टा आणि मस्तकी मेणबत्त्यांचा मुकुट. तिच्यामागे हाती मेणबत्ती घेतलेल्या मैत्रिणी, आणि उंच टोकदार टोप्यांवर तारे चिकटविलेले मुलगे. लहान मुलांच्या डोक्यावर आता विजेरीचे दिवे देतात, हे आयांनी ध्यानात ठेवावे. गाणे झाले म्हणजे जमलेल्यांना कॉफी, केशर घालून भाजलेले व बेदाणे टोचलेले पाव, आणि आले, दालचिनी, लवंग घातलेली पातळ बिस्किटे वाढतात. आमच्या गृहिणींना गंमत वाटेल की, बर्फाच्या देशातील हा सण पूर्वेकडून गेलेल्या मसाल्यांवाचून शिजत नाही!

आता ही लुसी कोण? सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरातील ही कुमारी सम्राट डायोक्लेशनच्या छळात, सन ३०४ च्या सुमारास, ख्रिस्तासाठी प्राणास मुकली. रोमन परंपरेच्या मिस्सेतील सर्वांत प्राचीन मुख्य प्रार्थनेत आगाथा, अ‍ॅग्नेस आणि सिसिलिया ह्यांच्या पंक्तीत तिचे नाव घेतले जाते. ते नाव ‘प्रकाश’ ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. आख्यायिका अशी की, भुयारांत लपलेल्या ख्रिस्ती लोकांना ती रात्री अन्न पोहोचवीत असे, आणि दोन्ही हात अन्नासाठी मोकळे राहावेत म्हणून दिवा डोक्यावर बांधीत असे. पांढरा झगा तिच्या निर्मळपणाची खूण, तांबडा पट्टा तिच्या रक्ताची.

सिसिलीची ही संत बर्फाच्या देशात कशी रुजली? डिसेंबरात स्टॉकहोम येथे सूर्य सकाळी साडेआठ उलटल्यावर उगवतो आणि दुपारी तीनच्या आतच मावळतो. अति उत्तरेला तर तो उगवतच नाही. जुन्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे तेरा डिसेंबरची रात्र ही वर्षातील सर्वांत मोठी रात्र समजली जाई. स्वीडनने १७५३ साली नवे पंचांग स्वीकारले, तरी लोकांच्या मनात लुसीची रात्र तीच राहिली. तत्पूर्वी सोळाव्या शतकात तो देश लूथरपंथी झाला होता आणि संतांचे सण एकेक करून मागे पडले होते. तरीही लुसी गेली नाही. १७६४ साली पश्चिम स्वीडनमधील एका वाड्यात शुभ्रवस्त्रा लुसिया पाहिल्याची नोंद आहे. १९२७ साली स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्राने लुसिया निवडण्याची स्पर्धा काढली आणि हा रिवाज देशभर पसरला. १९४४ साली, जर्मन सैन्याच्या ताब्यात असलेल्या डेन्मार्कमध्ये, काळोखात उजेडाची खूण म्हणून लोकांनी तो मुद्दाम स्वीकारला.

बडोद्याचा आणि ह्या सणाचा आणखी एक धागा आहे. दहा डिसेंबरला स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिके देतात, आणि जे विजेते तेराव्या तारखेपर्यंत तेथे मुक्काम करतात त्यांना लुसियाच्या मुली पहाटे गाण्याने जागे करतात, असा तेथील प्रघात आहे. २००९ सालच्या रसायनशास्त्राच्या पारितोषिकाचे एक मानकरी वेंकटरामन रामकृष्णन हे बडोद्यात वाढले. त्यांचे आईवडील तेथील विद्यापीठात शास्त्रज्ञ होते, आणि त्यांचे शालेय शिक्षण ‘जीझस अँड मेरी’ धर्मभगिनींच्या शाळेत झाले. ह्या धर्मभगिनींचा संघ १८१८ साली फ्रान्समधील लियाँ येथे स्थापन झाला. त्यांच्या पहिल्या भगिनी १८४२ साली आग्र्यास आल्या. त्याही परदेशीच होत्या. त्यांनी लावलेल्या दिव्याखाली परक्यांची मुले शिकली. कोणाचा मुलगा पुढे कोठे पोहोचेल हे त्यांनी विचारले नाही.

वाचकहो, ह्या साऱ्या हकीकतीतून आम्हांला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, सण मुलांच्या हाती दिला म्हणजे तो टिकतो. लुसियाच्या दिवशी वडीलधारी माणसे बसून राहतात आणि मुले दिवा आणतात, गातात, वाढतात. आपल्या घरी काय घडते? गोठा आणि तारा आपण दुकानातून आणतो, गाणी यंत्रावर लावतो, आणि मुलांना केवळ नवे कपडे देतो. मग तोच मुलगा नोकरीसाठी बडोद्याला, पुण्याला किंवा आखातात भाड्याच्या खोलीत एकटा राहू लागला म्हणजे त्याच्यापाशी सणाचे काय उरावे? ज्याने घरी कधी दिवा लावला नाही, जपमाळेच्या प्रार्थनेस कधी सुरुवात करून दिली नाही, तो परक्या गावी ती कशी करील?

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. कारखान्यातल्या परदेशी साहेबाचा सण आपण कौतुकाने पाहतो. परंतु आपल्या गावाच्या वेशीवर, बांधकामांवर आणि वीटभट्ट्यांवर दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे राहतात. तीही घर सोडूनच आलेली असतात. त्यांचेही सण असतात, त्यांचीही गाणी असतात. त्यांपैकी कोणी कॅथलिक असेल तर रविवारी तो मंदिराच्या शेवटल्या बाकावर येऊन बसतो आणि मिस्सा संपताच मुकाट्याने निघून जातो. त्याचे नाव आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? फिनलंडमध्ये १९४९ पासून दरवर्षी लुसिया निवडतात, आणि तिच्या नावे गरजूंसाठी निधी गोळा करतात. तेथे मुकुट घातलेल्या मुलीस कामही दिलेले असते.

यंदा तेरा डिसेंबरच्या संध्याकाळी घरातील दिवे थोडा वेळ मालवावेत. सर्वांत धाकट्या मुलाला किंवा मुलीला मेणबत्ती लावू द्यावी आणि प्रार्थना त्याच्याच तोंडून सुरू व्हावी. नंतर घरात जे केले असेल, फुगे असोत की साधी भाकरी, त्याचे एक ताट झाकून मुलांच्या हाती द्यावे, आणि त्यांना घेऊन वेशीवरच्या त्या झोपडीपर्यंत चालत जावे. वाट अंधाराची असेल. पुढे कोणी तरी दिवा धरावा.