तळ्यात पाणी आहे, पण नकाशात तळं आहे का? नवी मुंबईच्या फ्लेमिंगोंचा सगळा घोळ समजून घ्या

दर हिवाळ्यात तुमच्या फीडवर ती रील येतेच. मागे सीवूड्सचे टॉवर, पुढे गुडघाभर पाण्यात उभे असलेले हजारो गुलाबी फ्लेमिंगो. नवी मुंबई महापालिकाही शहराची ओळख ‘फ्लेमिंगो सिटी’ अशी करून देते आणि चौकाचौकात फ्लेमिंगोंचे पुतळे उभे आहेत.

आता त्याच शहराचा विकास आराखडा काढून बघा. फ्लेमिंगो जिथे उतरतात, ती तळी त्यात कुठल्या रंगात दाखवलीत? सगळं भांडण या रंगाचं आहे.

विकास आराखडा म्हणजे शहरातल्या प्रत्येक तुकड्यावर काय होऊ शकतं, हे सांगणारा नकाशा. घरं, दुकानं, शाळा, मैदान, रस्ता, प्रत्येकाला वेगळा रंग. यातच एक प्रकार असतो ‘ना विकास क्षेत्र’. जमीन या रंगात आहे तोवर तिथे टॉवर उभा राहत नाही. पण रंग बदलला की त्याच जमिनीची किंमत रातोरात कुठल्या कुठे जाते.

फ्लेमिंगोंना तळीच का लागतात? खाडी आहे की!

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो आणि तो चुकीचाही नाही. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. मग आणखी काय पाहिजे?

उत्तर भरती-ओहोटीत आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे खातात. भरती आली की तोच चिखल पाण्याखाली जातो. लांब पायांच्या या पक्ष्यालाही मग उभं राहायला उथळ जागा लागते. ती त्याला खाडीकाठच्या तळ्यांत मिळते: नेरूळ-सीवूड्स भागातली डीपीएस, एनआरआय आणि टीएस चाणक्य, उरणकडची पाणजे, बेलपाडा, भेंडखळ. (पहिल्या तीन तळ्यांना शेजारच्या शाळेचं, सोसायटीचं आणि संस्थेचं नाव आहे. तळ्याची ओळखसुद्धा बांधकामावरून!)

यातली बहुतेक ठिकाणं अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणजे जेवणाच्या खोलीला संरक्षण आहे आणि झोपायची खोली मोकळ्या प्लॉटवर आहे.

आणि पक्ष्याला त्या जागेवरून हुसकावलं तर तो हवेत विरून जात नाही, दुसरीकडे जातो. इथून जवळच नवी मुंबई विमानतळ आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून 40 च्या आसपास फ्लेमिंगो मेले होते. त्या घटनेचा तळ्यांशी संबंध होता, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पक्ष्यांची ठरलेली जागा गेली तर ते विमानांच्या वाटेत येऊ शकतात, हा मुद्दा बीएनएचएसच्या अभ्यासकांनी अनेकदा मांडलाय.

रंग बदलतो कसा?

महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना कायदा, 1966 मध्ये याची वाट आहे. कलम 37 नुसार मंजूर आराखड्यात फेरबदल करता येतो. त्यासाठी नोटीस काढायची, लोकांच्या हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची आणि सरकारची मंजुरी मिळवायची. अट एकच, आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. कागदावर हे सगळं ठीक आहे. पण ती नोटीस तुमच्यापैकी किती जणांनी कधी पाहिलीय?

सीवूड्समध्ये 2016 मध्ये असंच झालं. खाडीकाठची ‘ना विकास क्षेत्रा’तली जमीन गोल्फ कोर्स आणि निवासी प्रकल्पासाठी खुली करण्यात आली. काही रहिवासी उच्च न्यायालयात गेले. 1 नोव्हेंबर 2018 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

नंतर महापालिकेचा स्वतःचा प्रारूप आराखडा आला आणि पर्यावरणप्रेमींनी पुन्हा तोच आक्षेप घेतला, की पाणथळींवर निवासी रंग चढतोय. एका लढाईत जिंकलेली जागा पुढच्या नकाशात परत लढावी लागते, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात थकवणारं वाटतं.

सिडकोचं म्हणणं काय?

सिडकोची बाजूही समजून घ्यायला हवी. 1970 मध्ये सिडकोची स्थापना नवं शहर वसवायलाच झाली. जमिनी संपादित करायच्या, विकसित करायच्या, विकायच्या आणि त्या पैशांतून शहर उभं करायचं, हे मॉडेलच आहे. यातल्या काही जागा नैसर्गिक पाणथळ नाहीत, असा सिडकोचा युक्तिवाद राहिलाय.

त्याला आधार मिळतो तो 2017 च्या पाणथळ नियमांतून. मिठागरं, मत्स्यशेती, सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बनवलेल्या जागा या नियमांतून वगळल्यात. आता कोकण किनाऱ्याचा विचार करा. इथे आगरी-कोळी लोकांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून खाडीचं पाणी कधी अडवलं, कधी आत घेतलं. खाजणं, मिठागरं, तळी यांत निसर्ग कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो? ही व्याख्याच इथल्या जमिनीला लागू पडत नाही, असं माझं मत आहे.

तळं मारायला बुलडोझर लागत नाही

भरतीचं पाणी आत येण्याची वाट बंद केली की झालं. 2024 च्या उन्हाळ्यात डीपीएस तळ्यात हेच दिसलं. पाण्याचा मार्ग बुजला, तळं कोरडं पडत गेलं आणि त्याच सुमारास परिसरात फ्लेमिंगो मरून पडलेले सापडले. कोरड्या जमिनीचा फोटो काढून मग सहज विचारता येतं, ‘इथे पाणथळ कुठाय?’

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2024 चा आदेश महत्त्वाचा आहे. उपग्रह नकाशांनुसार देशात 2.25 हेक्टरपेक्षा मोठ्या 2,31,195 पाणथळी आहेत. त्यांची प्रत्यक्ष जागेवर पाहणी करून हद्दी ठरवा, असं न्यायालयाने राज्यांना सांगितलं. पण पाहणी करणारं पथक पाणी अडवल्यानंतर पोचलं तर वहीत काय लिहिलं जाईल, हे वेगळं सांगायला नको.

डीपीएसचं प्रकरण मात्र पुढे सरकलं. लोकांनी आवाज उठवला, पाण्याची वाट मोकळी करण्याचं काम झालं आणि एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने साधारण 30 एकरांच्या या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यातला हा दर्जा सरकारी जमिनीला देता येतो. तो अभयारण्यापेक्षा सौम्य आहे, पण उद्या कुणी आराखड्यातला रंग बदलायला निघालं तर त्याला आधी या कायद्याशी गाठ घालावी लागेल.

हा निर्णय एका तळ्यापुरता होता. एनआरआय, चाणक्य, पाणजे त्यात नव्हते.

तुम्हाला काही करता येतं का?

येतं. तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. ती हुकली की पुढचा रस्ता बहुतेक वेळा कोर्टाचाच. ‘निसर्ग वाचवा’ एवढंच लिहिलेल्या हजार अर्जांपेक्षा नेमकी माहिती असलेला एक अर्ज उडवून लावणं अवघड जातं. त्यात सर्व्हे किंवा प्लॉट नंबर हवा, जुन्या आराखड्यात तिथे कुठला रंग होता ते हवं, आणि भरतीच्या वेळी तळ्यात पाणी असतानाचे तारीख-वेळ दिसणारे फोटो हवेत. फोनमध्ये त्या रीलचा मूळ व्हिडिओ अजून असेल, तर तो डिलीट करू नका.