संमतीपत्रावर घरच्यांची सही नाही

मा. कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,


सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम आणि कामगाराची लेखी संमती आवश्यक, मग बिघडले कुठे, असे विचारले जाते. बिघडते ते घरी. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने रात्रंदिवस पाळ्यांत चालतात. पेणहून किंवा आतल्या गावांतून तिथे येणाऱ्याचा प्रवास कोणत्याही मस्टरवर चढत नाही. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी 1985 मध्येच दाखवले होते की, नोकरी घरचा वेळ तर खातेच, शिवाय तिथला ताणही घरी येतो. ही ओढाताण वाढली की नोकरी सोडण्याचा विचार बळावतो, असे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसले. राजीनाम्यात मात्र ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिलेले असते. त्यातही राजीनामा लांब पाळी करणाऱ्याचाच असेल असे नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला वेळ रोज सरासरी 299 मिनिटे होता, पुरुषांचा 97. नवऱ्याची पाळी लांबली की ही 97 मिनिटेही बायकोकडे जातात. ती नोकरी करत असेल, तर सुटण्याची शक्यता तिच्या नोकरीची जास्त. त्याच्या कंपनीला याचा पत्ताही लागत नाही.

चार दिवस राबून तीन दिवस सुट्टी मिळेल, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. लांबून येणाऱ्या काहींना ते सोयीचेही पडेल. पण मुलाचा अभ्यास आणि आईचे औषध सुट्टीपर्यंत थांबत नाहीत. शिवाय याच निर्णयाने ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा 115 वरून 144 तासांवर नेली आहे. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही की ती सुट्टी कशी हातची जाईल, हे कुठल्याही पाळीवाल्याला विचारावे. जादा पैसे कामगारालाच हवे असतात, हेही खरे. मात्र कंत्राटी कामगार संमती नाकारून कामावर टिकेल, यावर धाटावमध्ये कोण विश्वास ठेवेल? म्हणून दिलेली संमती केव्हाही, कारण न देता मागे घेता यावी आणि पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लागावे, असे नियमांतच लिहा. पाळणाघराची सक्ती 50 कर्मचाऱ्यांपासून सुरू होते. त्याखालच्या छोट्या युनिटांसाठी एमआयडीसीने सामायिक पाळणाघर चालवावे, रात्रपाळीतही.

आपला,
एक पेणकर