शनिवारचा घाणा आणि गिरणीचा भोंगा

कोकणात आपल्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत, म्हणून हे नाव पडले. घाणा घरचा असे. विसाव्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नसे.

एकोणिसाव्या शतकात काळ पालटला. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सुताची गिरणी उभारण्यास घेतली; १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि पोटासाठी कोकणातील माणूस मुंबईस लोटला. तेथे वेळ मालकाचा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची हक्काची सुटी नाही!

‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून ही सुटी मागितली. १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने तिला आधार दिला. परंतु ती सुटी रविवारची. मुंबईत नोकरी धरलेल्या आपल्या अनेक कुटुंबांपुढे शब्बाथ की रोजी, हा पेच राहिलाच.

इस्राएलमध्ये १९५१ च्या कायद्याने कामगारास आठवड्यातून किमान ३६ तासांचा विसावा दिला असून यहुदी कामगारासाठी त्यात शब्बाथ येतो. आपल्या मुलांना हा दिवस आयता लाभला आहे. वाचकहो, त्यांना घाण्याबरोबर गिरणीचीही हकीकत सांगावी. विसाव्याची आज्ञा धर्माने दिली. मजुराच्या पदरात तो एकजुटीने व कायद्याने पडला.