पदकाच्या चौकटीत अडकलेली मैदाने

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीत स्मृती मानधनाचे नाव ठाऊक नाही, असे घर विरळा. नोव्हेंबर २०२५ मधील महिला विश्वचषक विजयानंतर तर तिच्या धावाही मुलांना तोंडपाठ झाल्या. सचिन खिलारी याची फेक किती मीटरची, हे सांगणारे मात्र शोधावे लागतील. खिलारी याच जिल्ह्यातला, आटपाडी तालुक्यातील करगणीचा. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ ४६ गटात त्याने १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेत्या कॅनडाच्या ग्रेग स्टीवर्टची फेक होती १६.३८ मीटर. फरक अवघा ६ सेंटिमीटरचा. त्याआधी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे तो जागतिक विजेता होता. पण बहुसंख्य वाचकांना त्याचा परिचय झाला तो पदकानंतर, आणि तोही बालपणीच्या अपघाताच्या कहाणीतून.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातील मोहीच्या ललिता बाबरला माध्यमांनी ‘माणदेशी एक्स्प्रेस’ ही पदवी दिली. नाव गोड, पण त्यातून तिची शर्यत कळत नाही. स्टीपलचेस म्हणजे ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या. रिओमध्ये १३ ऑगस्ट २०१६ रोजी तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली. धावण्याच्या शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी १९८४ मधील पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरीत ती दहावी आली आणि चारच दिवसांत साक्षी, सिंधू यांच्या पदकांनी पाने व्यापली. तिचा विक्रम २०२३ पर्यंत टिकला, ही गोष्ट तो पारुल चौधरीने मोडल्यावरच अनेकांच्या ध्यानी आली असावी.

क्रिकेटची परिभाषा वाचकाला वर्षभर रोज शिकवली जाते. ॲथलेटिक्सची चार वर्षांतून पंधरा दिवस. दुष्काळ, अनवाणी पाय, आईचे कष्ट हे सारे खरेच असते. मात्र सेकंद आणि सेंटिमीटर वगळले, की खेळाडूबद्दल कणव उरते, खेळाची जाण येत नाही.

याचे मूळ स्थानिक पानांतही आहे. शालेय स्पर्धांच्या बातमीत पाहुण्यांची नावे क्रमाने छापली जातात. विजेत्याची वेळ बहुधा नसतेच. मग कुपवाडच्या एखाद्या मुलीने ८०० मीटरची शर्यत जिंकली, तरी राज्य स्पर्धेत तिचा निभाव लागेल की नाही, हे तिच्या पालकांना त्या कात्रणावरून उमगत नाही.